दांडीवरचं सोवळं

आमच्याकडे पाऊस दिवाळीला येतो. नीला, केशव, तुम्हाला मराठी यावं म्हणून तुमच्या बाबाने जी पुस्तकं मागवली आहेत त्यांत तो जूनमध्ये येतो, मोर नाचतात आणि मुलं कागदाच्या होड्या सोडतात. तो पाऊस तंजावूरला कधी आला नाही. आमचा ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आश्विन सरता सरता, समुद्राकडून येतो. पाहुण्यासारखा येत नाही, भाडेकरूसारखा येतो. कार्तिक संपेपर्यंत हलत नाही.

यंदा आज त्याचा अकरावा दिवस. पहिल्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये मीही अकरा दिवस आहे. बरणीत मिठाचा दगड झाला आहे. वर्तमानपत्र हातात धरलं की फडक्यासारखं लोंबतं. खालून कुंभकोणमच्या बसेस पाणी उडवत जातात आणि प्रत्येक बस गेली की समोरच्या औषधांच्या दुकानाची पायरी पुसायला एक मनुष्य बाहेर येतो. अकरा दिवस मी त्याच्याकडे बघते आहे. त्याच्या शर्टांचा क्रम आता मला पाठ झाला आहे.

हॉलमध्ये टीव्हीच्या वर तुमच्या बाबाने कॅमेऱ्याची एक डबी बसवली आहे. तिच्यातून तो कॅल्गरीला बसून मला पाहतो आणि बोलतोही. परवा मी चपला घालून दाराशी नुसती उभी राहिले, तर डबी म्हणाली, "आई, कुठे निघालीस?"

"कोठे नाही. पाऊस बघते."

"बाल्कनीतून बघ ना. खाली शेवाळ असेल, घसरशील."

"सत्तर वर्षं मी ह्याच पावसात चालते आहे, माधव."

"तेव्हा तुझ्या खुब्यात स्क्रू नव्हता."

हे खरं होतं. चपला काढल्या. मल्लिका माझ्याकडे स्वयंपाकाला येते, खरं म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवायला. ती आतून म्हणाली, "झाली का अम्मा, कलेक्टरसाहेबांची ऑर्डर?"

मी रागाने लिहीत नाही. तुमचा बाबा हे तुम्हाला वाचून दाखवील तेव्हा त्यानेही राग धरू नये आणि वाक्यं गाळू नयेत. प्रेमाने कोंडलेल्या माणसाला भांडता येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मीही एका माणसाला असं कोंडलं होतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. ते माणूस म्हणजे माझी आई.

मल्लिका ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर टाकते आणि पंखा लावते. तरी ते वाळत नाहीत. ओल्या सुताला एक वास येतो, किंचित आंबट, किंचित तांदळाच्या पेजेसारखा. तो आला की मी या फ्लॅटमध्ये राहत नाही. पश्चिमेच्या रस्त्यावरच्या त्या लांबट, अरुंद भाड्याच्या घरात जाते. त्या घरात छताच्या जरा खाली एक बांबूची दांडी आडवी टांगलेली होती आणि तिच्यावर आईचं सोवळं वाळत असे.

सोवळं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आईने सकाळी विहिरीवर अंघोळ करायची, धुतलेलं लुगडं काठीच्या टोकाने दांडीवर उंच पसरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंघोळ करून तेच नेसायचं आणि मगच चुलीपुढे बसायचं. मधल्या वेळात त्या लुगड्याला कोणी हात लावायचा नाही. शाळेतून आलेल्या मुलीने नाही, कचेरीतून आलेल्या नवऱ्याने नाही. एक बोट जरी लागलं तरी ते बाटलं. पुन्हा धुवायचं, पुन्हा वाळवायचं. स्वयंपाक झाल्याशिवाय देवाला नैवेद्य नाही, नैवेद्य झाल्याशिवाय आजी जेवणार नाही, आणि आजी जेवल्याशिवाय आई घराबाहेर पडणार नाही. असं आमचं घर एका लुगड्याला टांगलेलं होतं.

उन्हाळ्यात हे सोपं असतं. ऐप्पसीत लुगडं चार चार दिवस वाळत नाही. मग खाली कोळशाची शेगडी ठेवायची. तिला वारा घालायचं काम माझं होतं. डोळे चुरचुरायचे, आणि वर नऊ वार ओलं सूत ढगासारखं लोंबत असायचं.

रेशमी सोवळ्याला ही कटकट नसते. ते रोज धुवावं लागत नाही. आईजवळ तसं एकच होतं. आदल्या वर्षी एका बाळंतिणीला पावसात इस्पितळात नेताना आईने ते तिच्याभोवती गुंडाळलं. ते धुऊन परत आलं, पण आजीच्या लेखी परत आलं नाही.

घाई असली की आई ओलेत्याने स्वयंपाक करायची. धुतलेलं लुगडं पिळून तसंच ओलं नेसायचं. ते सोवळ्यात चालतं. कार्तिकातल्या सकाळी ती तशी चुलीपुढे बसली की तिच्या पाठीतून वाफ निघायची. दात वाजायचे आणि त्यातच ती मला विचारायची, "गोदे, फेब्रुवारीचं स्पेलिंग सांग." तिला इंग्रजी येत नव्हतं. मला कॉन्व्हेंटात घालायचा हट्ट तिचा होता, आणि माझ्याबरोबर तीही रोज पाच शब्द पाठ करायची. भात खाली लागला की खरपुडी माझ्यासाठी वाटीत काढून ठेवायची. वेणी इतकी सारखी घालायची की शाळेतल्या मदर एकदा सगळ्या वर्गाला म्हणाल्या होत्या, हे डोकं बघा.

ही तीच बाई पापनाशमच्या अलीकडच्या चार गावांत 'सक्कुअम्मा' होती. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तिला निरोप सांगायला सोबत नेलं. तिथल्या बायका डॉक्टरणीशी बोलेनात, आईशी बोलल्या. तेव्हापासून ती आठवड्यातून तीन दिवस तिकडे जाऊ लागली. गरोदर बायकांची नावं ती लक्षात ठेवायची, त्यांना वेळेवर इस्पितळात न्यायची, पाणी उकळायला सांगायची, अंगणात राखेवर बोटाने त्यांचीच नावं लिहून दाखवायची. पुढे तिथे बायकांचा संगम, म्हणजे मंडळ, उभा राहिला, शिवणाचे वर्ग निघाले, सत्कार झाले. ते फोटो तुम्ही पाहिले आहेत. फोटोंतली आई मला कधी ओळखीची वाटली नाही. मला ओळखीची आहे ती मागच्या दाराने येणारी, घोट्यांना चिखल लागलेली, जिला आजी म्हणायची, "तेथेच थांब. आधी विहिरीवर जा."

आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, वाईट नव्हती. ती विधवा होऊन आमच्याकडे आली तेव्हापासून तिच्या हातात एवढंच राहिलं होतं, कोण कशाला शिवलं आणि कोण नाही. तिच्या जिभेला मात्र पावसात जास्त धार यायची.

"काय ग सक्कू, तुझ्या त्या बायका दर वर्षी ऐप्पसीतच बाळंत होतात का?"

"पोरं पंचांग बघून येत नाहीत, आत्याबाई."

"आपल्या घरातलं पोर बघ. पोरगी तुझ्या लुगड्याकडे बघत जेवते, तू दिसत नाहीस म्हणून."

माझे अप्पा ओसरीवर वर्तमानपत्राआड बसलेले असायचे. अशा वेळी ते पान उलटायचे. जोरात उलटलं तर आईच्या बाजूने, हळू उलटलं तर आजीच्या, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी मी फोर्थ फॉर्ममध्ये होते. पावसाने बारा दिवस शाळा बंद होती आणि सहामाही परीक्षा जवळ आली होती. दिवसभर घरात आजी, मी आणि ठिबकणारी छपरं. खिडकीतून रस्त्यापलीकडची भिंत दिसायची, तिच्यावर हिरवं शेवाळ रोज एक बोटभर वर चढायचं. आई त्या बारा दिवसांत एकही दिवस सुटली नव्हती. पाणी चढायच्या आत तीन बायकांना इस्पितळात पोचवायचं होतं. पहाटे अंघोळ, ओलेत्याने स्वयंपाक, नऊ चाळीसची बस. संध्याकाळी परत अंघोळ. तिचे केस त्या बारा दिवसांत एकदाही वाळले नव्हते. मला हे दिसत होतं. मला दिसत होतं की ती माझी नाही.

त्या बारा दिवसांनंतर एके दिवशी माझा हात चुकून सोवळ्याला लागला. दांडीच्या दुसऱ्या टोकाला माझा परकर होता, तो ओढताना लुगड्याचा काठ मनगटावर आला. मी रडले. आजी ओरडली. त्या दिवशी आई जायची नव्हती, फक्त जेवण उशिरा झालं. पण लुगडं पुन्हा धुऊन वाळेपर्यंत ती माझ्याजवळ बसली. डोक्याला तेल लावलं. माझा इंग्रजीचा धडा ऐकला. शेगडीवर रताळी भाजली. बाहेर पाऊस असा पडत होता की आमच्या दोघींखेरीज जगात कोणी नाही.

त्यानंतर माझी नजर दांडीकडे जायची ती वेगळी.

तीन दिवसांनी ती म्हणाली, "उद्या सेल्वीला आणायचं. पहिलटकरीण आहे. नऊ चाळीसला जाते म्हणून सांगितलं आहे." सेल्वी. एकोणीस वर्षांची, कालव्यापलीकडच्या वस्तीतली, शेतात लावणी करणारी. मी तिला पाहिलेलं नव्हतं. मला ते फक्त एक नाव होतं, माझ्या आईला घेऊन जाणारं.

सकाळी आई विहिरीवर होती. आदल्या दिवशी मी शेगडीला पुष्कळ वारा घातला होता, त्यामुळे कधी नव्हे ते लुगडं वाळलेलं होतं. मी स्टुलावर चढले आणि हात लावला. चांगला, पंजा पसरून. सुताची ऊब अजून आठवते. मग खाली उतरले आणि म्हटलं, "आजी, माझा हात लागला."

आई आली, तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आजी म्हणाली, "आता काय. ओलेत्याने कर." आई म्हणाली, डोकं दुखतं. लुगडं धुऊन दांडीवर टाकलं, मला शेगडी पेटवायला सांगितली आणि माझ्या शेजारी चटईवर आडवी झाली. तिला झोप लागली. तिचा हात माझ्या पुस्तकावर पडला होता. पान उलटायचं असून मी उलटलं नाही. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही, हे मी तुम्हाला खरं तेच सांगते.

दुपारी मागचं दार वाजलं. पहिल्यांदा आई हलली नाही. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा उठली. सेल्वीचा नवरा सायकलवरून आला होता, डोक्यावर गोणपाट, अंगातून पाणी गळत होतं. "अम्मा येतील म्हणून सकाळपासून वाट पाहिली," तो म्हणाला. "कळा सुरू आहेत. सुईण म्हणते मूल आडवं आहे."

आई होती त्या लुगड्यात निघाली. स्वयंपाक नाही, नैवेद्य नाही. आजी काही म्हणत होती. अप्पा कचेरीत होते. मी शेगडीजवळ बसले होते आणि सवयीने वारा घालत होते.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. पुलाजवळ रस्त्यावर पाणी आलं होतं, बस तिथेच थांबली, उरलेलं अंतर आई पाण्यातून चालत गेली. सेल्वी वाचली. मूल वाचलं नाही. सकाळच्या बसने आई गेली असती तर वाचलं असतं का, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण न कळणं म्हणजे सुटणं नव्हे.

दोन दिवसांनी ती परत आली. मी विचारलं, "बाळ?"

"नाही राहिलं."

"मुलगा होता?"

"मुलगी." मग म्हणाली, "बस, वेणी घालते," आणि नेहमीसारखीच सारखी वेणी घातली. ती काही विचारील म्हणून मी वाट पाहत राहिले.

त्यानंतर तिने काठी घेतली, दांडीवरचं सोवळं खाली ओढलं, हाताने घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. साध्या लुगड्याने चुलीपुढे बसली.

"सक्कू, सोवळं?" आजी म्हणाली.

"ठेवलं, आत्याबाई."

"ठेवलं म्हणजे?"

"ठेवलं म्हणजे ठेवलं."

"मग तुझ्या हातचं मी खाणार नाही."

"बरं. पाणी तरी भरून देऊ?"

"विहीर मला ठाऊक आहे."

त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या. आजी वाकून वाकून स्वतःपुरता भात करायची, स्वतःचं सोवळं स्वतः काठीने टाकायची. शेवटी शेवटी काठी दांडीपर्यंत पोचायची नाही, पण कोणाला हात लावू द्यायची नाही. नऊ वर्षं. अप्पा दोन्हीकडचं जेवायचे. त्या नऊ वर्षांत ते चांगलेच जाड झाले. आई आता हवं तेव्हा जाऊ शकत होती. जायचीही. तिचं मोठं काम सगळं त्यानंतरचं. पण येताना पाऊल वाजवायची नाही, आणि आजीच्या चुलीचा धूर डोळ्यांत गेला की मान फिरवायची नाही, तसाच जाऊ द्यायची.

मी पुढे इंग्रजी शिकवलं, मुख्याध्यापिका झाले, हजारो मुलींना वेळेवर यायला लावलं. वाचन वाढलं तशी एक गोष्ट उशिरा कळली. माझा हात चालला तो एका नियमामुळे. तो नियम मुळात माझ्यासाठी नव्हताच. मी फक्त पारोशी होते. तो खरा होता तो सेल्वीसारख्यांसाठी. त्यांच्या स्पर्शापासून घर राखायचं म्हणून जी दांडी इतकी वर बांधली होती, तीच दांडी मी सेल्वीच्या विरुद्ध वापरली. आजीने निदान त्या नियमावर विश्वास ठेवला होता. माझा त्याच्यावर विश्वासही नव्हता.

मला मद्रासला शिकायला जायचं होतं. गेले नाही. लग्नही गावातल्या गावात केलं. लोक म्हणत, आईला किती जपते. जपत होतेच. पण पहारेकरीही कैद्यापासून लांब जाऊ शकत नाही, हे लोकांना कुठे ठाऊक असतं?

शेवटची चार वर्षं आई माझ्याकडे होती, याच फ्लॅटमध्ये, तुमच्या बाबाच्या जुन्या खोलीत. पाय गेले होते, डोकं लख्ख होतं. अशाच एका ऐप्पसीत, दुपारी, ती पलंगावर बसून संत्रं सोलत होती आणि मी म्हटलं, "आई, सेल्वीच्या दिवशी माझा हात लागला नव्हता. मी लावला होता."

"हं," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा लागला तेव्हा तू रडलीस. दुसऱ्यांदा रडली नाहीस."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

तिने फोडीवरचे दोरे एकेक करून काढले. तिला घाई नव्हती. "ओलेत्याने करता आलं असतं की नाही?" ती म्हणाली.

मी पलंगावरची सालं गोळा करू लागले.

"त्याच पावसात बारा दिवस केलंच होतं. त्या दिवशीही केलं असतं तर बस मिळाली असती. आत्याबाईंनी सांगितलंसुद्धा. मी म्हटलं डोकं दुखतं. डोकं कोठे दुखत होतं?"

"थकली होतीस तू."

"थकलेली रोजच होते. त्या दिवशी तू हात लावलास आणि मला बरं वाटलं, गोदे. म्हटलं, चला, आज माझा दोष नाही. देवाला म्हटलं आज कोणी येऊ नये. त्या पोराने दार वाजवलं तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं होतं."

बाहेर पाऊस होता. मला वाटतं मी रडले. ती नाही रडली.

"माझं माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "सगळंच उचलून बसलीस. लहानपणापासून हावरी ती हावरीच." आणि माझ्या तळहातावर दोन फोडी ठेवल्या.

ही क्षमा नव्हती. क्षमा करायचा अधिकार आपला आहे असं तिला वाटतच नव्हतं. तिने फक्त वाटणी केली. तेवढ्याने माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं असं की ते दोघींपैकी कोणाचंच नव्हतं, हे स्पष्ट दिसू लागलं. ते सेल्वीचं होतं, आणि सेल्वीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आई गेली तेव्हा तेराव्याला सेल्वी आली. बरोबर संगमातल्या चार बायका. ती मला अजून 'पाप्पा' म्हणते, म्हणजे लहान मुलगी. तिला पुढे दोन मुलगे झाले, नातवंडं झाली. पानावर बसल्या बसल्या ती सगळ्यांना सांगू लागली, "माझी पहिली पोर गेली त्या दिवशी सक्कुअम्मा मांडीभर पाण्यातून चालत आली. पाण्यात साप होते. दुसरं कोण आलं असतं? माझी आई आली नाही, ती आली." बायका माना हलवत होत्या. मी पायसम वाढत होते. सेल्वीच्या पानात दोनदा वाढलं गेलं.

निघताना तिने माझा हात धरला. "पाप्पा, पाऊस संपला की गावी ये."

दर वर्षी पोंगलनंतर मी जाते. तिच्या ओसरीवर बसते, नारळपाणी पिते. पाण्यातून आलेल्या आईची गोष्ट ती दर वेळी सांगते आणि मी दर वेळी ऐकते. आईचं अर्धं सांगायचा मला हक्क नाही. माझं अर्धं मी सांगू शकते. सांगितलं तर तिच्या गोष्टीतली सक्कुअम्मा उशिरा का आली, हा प्रश्न तिच्या मनात पहिल्यांदाच उभा राहील, आणि या वयात तो कशाला, असं मी स्वतःला बजावते. ते सोयीचंही आहे.

दिवाळीच्या आधी सेल्वीच्या नातीचा, कविताचा, फोन आला. ती तिथल्याच आरोग्यकेंद्रात नर्स आहे; सेल्वी तिची पाट्टी, म्हणजे आजी. म्हणाली, "अम्मा, पाट्टीने अंथरूण धरलं आहे. खात नाही. तुमचं नाव काढते. येऊन जाता का?" मी म्हटलं, येते. मग पाऊस लागला. टीव्हीवर पुलाजवळचं पाणी दाखवलं. मी कविताला कळवलं, रस्ता मोकळा झाला की निघते. तुमच्या बाबाने डबीतून बजावलं, अजिबात नाही. मी तुम्हाला सगळ्यांना सांगत राहिले की मी अडकले आहे.

अडकले होतेच. पण रोज सकाळी खिडकी उघडायची, पाऊस आहे असं दिसायचं, आणि छातीत काहीतरी सैल व्हायचं. काल ते सैल होताना मी स्वतःला पकडलं. आज कोणी येऊ नये, असं म्हणणारी बाई कशी आडवी झाली असेल, कशी डोळे मिटून पडली असेल, ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगावर कळलं.

म्हणून आज दुपारी मीच फोन केला. "कविता, पुलाजवळ पाणी आहे ना अजून?"

"पाणी?" ती म्हणाली. "ते परवाच ओसरलं ना अम्मा. बसेस चालू आहेत."

मी विचारलं नव्हतं, म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.

"पाट्टी जागी आहे," ती म्हणाली. "फोन देऊ? बोलता?"

"फोनवर नको," मी म्हटलं. "मी निघते आहे."

"आज? या पावसात?"

"आजच."

मल्लिका ऑटो आणायला खाली गेली आहे. तीही बरोबर येते म्हणते, येऊ दे. तेवढ्या वेळात हे शेवटचं लिहिते. तुम्ही मला जपता, तसंच जपत राहा. त्याचा मला त्रास नाही. मात्र मी कुठे गेले नाही ते सगळंच तुमच्यामुळे आणि पावसामुळे, असं कधी समजू नका.

सेल्वी झोपलेली असली तर ती उठेपर्यंत मी बसून राहीन.